डबा, रीतसर

जुन्नर-आंबेगावकडची माणसं १८९० पासून मुंबईत डबे पोहोचवत होती, पण त्याला 'व्यवस्थापन' म्हणतात हे कळायला २०१० साली हार्वर्डच्या प्रा. स्टीफन थॉमके यांची केस स्टडी यावी लागली. उशीर झाला, पण रीतसर झाला. झाकणावर रंगानं काढलेला मजल्याचा आकडा आता नुसती खूण राहिला नाही, 'प्रणाली' झाला. पुढची पायरी उघड आहे: डबेवाल्याच्या पोरानं जमीन गहाण टाकून एमबीए करावं आणि बाप दिवसभर काय करतो ते इंग्रजीतून समजून घ्यावं. बापाकडून फुकट शिकता येईल, असा आक्षेप येईल. येवो. बापाकडे प्रवेश परीक्षा कुठे असते? पुढे पोरगा कंपनीत लागेल, जेवण ॲपवरून मागवेल आणि ते उशिरा आलं, तर केस स्टडीचा दाखला देऊन तक्रार करेल.