खताचा हिशेब चुकतोय

मुलुंड असो की बोरिवली, मोठ्या सोसायटीच्या सभेत ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: मशीन कितीचं? लाखांचं कोटेशन पटकन मंजूर होतं. मशीन चालवणाऱ्या बाईच्या पगारावर मात्र तासभर घासाघीस चालते.

रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या किंवा २० हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, हा पालिकेचा आग्रह २ ऑक्टोबर २०१७ पासूनचा. पुढच्याच वर्षी मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं. कांजूरच्या डम्पिंगची दुर्गंधी मात्र भोवतालच्या वस्त्या आजही सोसताहेत.

सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, "खत विकून खर्च निघेल." नाही निघत. १०० किलो ओल्या कचऱ्याचं जेमतेम २० किलो खत होतं. किलोला १० रुपये धरले तरी दिवसाचे २०० रुपये. त्यात एका माणसाची मजुरीही सुटत नाही. कचरा रोजच्या रोज, वास न येऊ देता जिरवणं हे काम आहे आणि पैसे त्या कामाचे मोजायचे असतात. खताचे मिळतील ते वरकड.

हे काम येणाऱ्या बायका मुंबईत आहेत. स्त्री मुक्ती संघटनेच्या 'परिसर विकास' उपक्रमानं १९९८ पासून कचरावेचक बायकांना खत करायला शिकवलं, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले 'निसर्गऋण' बायोगॅस प्रकल्प चालवायला शिकवलं. यांतल्या कितीतरी जणींच्या घरांनी १९७२च्या दुष्काळात मराठवाडा सोडला होता.

त्यांचं कसब बघाच. या ताई खताच्या खड्ड्यातलं मूठभर घेऊन दाबतात. बोटांतून पाणी गळलं की वाळका पाला वाढवायचा, नाहीतर आत हवा खेळत नाही आणि वास सुटतो. मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडायचं. त्याच हातांना आपल्या घरच्या गाठ मारलेल्या पिशवीतलं दाढीचं ब्लेड लागतं, याची मला चीड येते.

तेव्हा पुढच्या सभेत आधी ताईंचं वेतन मंजूर करा: किमान वेतनाहून कमी नाही, आठवड्याची भरपगारी सुट्टी, हातमोजे, गमबूट. आवारातला पाला गाडीत न देता पोत्यांत भरून खड्ड्याशेजारी ठेवायचा ठरावही करून टाका. मशीनचं कोटेशन त्यानंतर वाचू.