फौजीमामांचे मेजर

"काकू, ही घ्या मोसंबी, बदनापूरच्या मळ्यातली. आन् ऐका, फौजीमामांच्या बैठकीतल्या वर्दीवाल्या फोटोला काल हार होता ना?"

"हो की. भाऊ असंल वारलेला."

"भाऊ नाही वं! त्यांच्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन. परमवीर चक्र आहे त्यांना, मरणोत्तर. काल 25 नोव्हेंबर, त्याच दिवशी गेले. मामी चिडवते, फोटोला हार आणतात, मला गजरा नाही!"

"रामस्वामी? आन् मामा तर महार रेजिमेंटचे म्हणतात."

"मग? तिथं सगळ्या मुलखाची पोरं असतात. मेजर तमिळ घरचे, पण जन्म-शिक्षण मुंबईत. 1972 ला अफसर झाले."

"कारगिलला गेले का?"

"तुम्हाला बी कारगिलच! श्रीलंकेत, 1987 ला. तिथं सरकारचं आन् तमिळ वाघांचं जुंपलं होतं. जुलैत राजीव गांधींनी करार केला, आपली शांतिसेना गेली. भांडण सोडवायला जाणाराच मार खातो ना काकू, तसंच झालं. ऑक्टोबरात वाघ आपल्यावरच उलटले."

"आन् मेजर?"

"आठवी महार पलटण. जाफन्याजवळ कंतरोडै म्हणून गाव आहे. रात्री हत्यारांची झडती घेऊन परत फिरले, तर वाटेत दबा धरून बसलेले. गोळ्यांचा पाऊस! मेजर वळसा घालून त्यांच्याच पाठीमागून घुसले. हातघाईत एकानं छातीत गोळी घातली—"

"अगं माय!"

"ऐका तर. छातीत गोळी असताना त्याचीच रायफल हिसकावली आन् त्यालाच उडवला. शेवटपर्यंत पोरांना हुकूम देत होते. पाच वाघ मेले, तीन रायफली आन् दोन रॉकेट लाँचर हाती लागले."

"एवढं बळ कुठून येतं बाई? मला विळी लागली की मी दिवसभर बोट धरून बसते. पण तमिळ माणूस तमिळांशीच लढला, त्याला काय वाटलं असंल?"

"ते नाही विचारलं मामांना. समोर हार घातलेला, कसं विचारावं? मामा नंतर भरती झाले, पण सगळं तोंडपाठ. त्या मोहिमेत परमवीर हेच एकटे. आपले हजारावर जवान गेले, तरी श्रीलंकेचं नाव कुणी काढतं का? अंदमानातल्या एका बेटाला मेजरांचं नाव दिलंय म्हणे, 2023 ला."

"आमच्या नातवाला शाळेत परमवीरांची नावं पाठ करायला सांगितलीत. पाठवू का मामांकडं?"

"पाठवा, पण जेवू घालून पाठवा. मामा एकदा जाफन्याला पोचले की रात्रीशिवाय जालन्याला परत येत नाहीत."