स्टुलाचा हातगुण

आमच्या काकूंच्या गुडघ्याला दोन डॉक्टर आहेत. पहिले निष्णात. एक्स-रे उजेडाकडे धरतात, "वजन उतरवा, व्यायाम करा" एवढं बोलतात आणि बेल वाजवतात. दुसरे आधी विचारतात, "एकादशी सोसली का?" मग नातवाच्या दहावीची चौकशी. गुडघ्यापर्यंत ते अजून पोचलेले नाहीत. पण काकूंचं मत ठाम आहे : "पहिले नुसतेच हुशार. हातगुण दुसऱ्यांचा."

पहिल्यांचीही बाजू आहे. 2017 साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात 67 देशांचा हिशेब आला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी 22.5 मिनिटं देतात, आपल्याकडे दोनेक, बांगलादेशात 48 सेकंद. दोन मिनिटांत काकू काय सांगणार? त्यांचं दुखणं "त्याचं असं झालं डॉक्टर, वन्संच्या मुलीच्या साखरपुड्याला..." इथून सुरू होतं. पेशंटचं ऐकून घेण्यात अमेरिकाही निराळी नव्हती. तिथे 1984 साली मोजून पाहिलं, तर पेशंटनं तोंड उघडल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. 18 सेकंदांत काकूंच्या साखरपुड्याचा हॉलसुद्धा ठरत नाही.

उपाय मात्र स्वस्त आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात एका न्यूरोसर्जनला काही पेशंटांजवळ बसवलं, काहींजवळ उभं ठेवलं. बसून ते जेमतेम मिनिटभर थांबले. पेशंटांना वाटलं, पाच मिनिटं! एका स्टुलात चार मिनिटांचा नफा. आपल्या बड्या रुग्णालयांना हे कळू नये, एवढीच प्रार्थना. उद्या बिलात 'स्टूल चार्जेस' लागतील आणि विमा कंपनी ते स्टूल टेस्टचे समजून नामंजूर करील.

तरी काकूंनी फार खूश राहू नये. 2012 साली अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांची माहिती ताडून पाहिली, तेव्हा डॉक्टरांवर सर्वांत खूश असलेल्यांचा औषधखर्च जास्त निघाला, आणि मृत्यूचं प्रमाणही. (गोड बोलण्यानं माणूस दगावतो, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण मागाल ते सलाइन लावणारा डॉक्टर कोणाला आवडत नाही?)

गेल्या महिन्यात काकू दोन दिवस ॲडमिट होत्या. डिस्चार्जच्या वेळी एक मुलगी टॅब घेऊन आली, शेजारी स्टूल ओढून बसली.

"आजी, डॉक्टरांच्या वागण्याबद्दल समाधानी आहात का? यातला एक चेहरा दाबा."

"कुठले गं डॉक्टर? पायाशी उभे राहून फायलीशी बोलायचे, ते?"

मुलगी गप्प. काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "जेवलीस का?"

"नाही आजी, अजून सोळा बेड राहिलेत."

काकूंनी सगळ्यात हसरा चेहरा दाबला, टॅब बाजूला ठेवायला लावला आणि गुडघ्याची हकिगत साखरपुड्यापासून सुरू केली.