फ्रीजमध्ये काय आहे ते सांगते, काका

प्रति,
कुंडलिकेच्या काठावर रोज पहाटे चालायला येणारे, आणि रोह्यातल्या समस्त जाड माणसांचे मानद पालक असलेले काका यांस,



नाव घालत नाही. हे पत्र वाचून निदान सहा जण 'हे माझ्यावरच लिहिलंय' म्हणून चिडतील. त्यांत तुम्ही असालच.

गेल्या रविवारी नदीपलीकडच्या अष्टमीच्या बाजूने परत फिरताना तुम्ही मला थांबवलंत. तुमची नेहमीची मंडळी बरोबर होती. तुम्ही अगदी प्रेमाने म्हणालात, "मॅडम, रोज दिसता, चालताही जोरात. पण फरक काही पडत नाही हो. खरं सांगा, रात्री फ्रीज उघडता ना?" सगळे हसले. मीही हसले, कारण चारचौघांत हसून घ्यायची आम्हाला लहानपणापासून सवय लावलेली असते. मग घरी येऊन खरोखरच फ्रीज उघडला. दुधाची पिशवी, अर्धा दुधी, मुलाने झाकण न लावता ठेवलेली कोल्ड्रिंकची बाटली, नवऱ्याचं लोणचं. आणि खालच्या कप्प्यात पेणहून आईने पाठवलेला स्टीलचा डबा.

त्या डब्याकडे मी येणारच आहे. आधी तुमचं अभिनंदन.

तुम्ही अकरा किलो उतरवलेत हे रोह्यात आता कुणाला सांगावं लागत नाही. दिवसातून दोनदा जेवण, ते पंचावन्न मिनिटांत, मधे काही नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेली ही पद्धत. तुम्हाला लागू पडली, छान झालं. काही वर्षांपूर्वी घराघरांत 'दीक्षित की दिवेकर' असे तट पडले होते. आमच्याकडे सासूबाई आहारतज्ज्ञ दिवेकरांच्या बाजूने होत्या, कारण त्या भातावर तूप घ्यायला सांगतात. मी दोन्ही करून पाहिलं. आधी हे, मग ते. पहिले चार किलो भराभर गेले, तेव्हा तुम्हीच पाठ थोपटली होतीत. मग काटा जो थांबला तो थांबला. मी तेच खातेय, तेवढंच चालतेय, काटा मात्र तिथेच. तुमच्या लेखी याचा अर्थ एकच होतो, बाई खोटं बोलते.

बाकी सल्ला देणाऱ्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ऑनलाइन आहारतज्ज्ञ बाईंनी रोह्यात राहणाऱ्या मला ब्रॉकोली लिहून दिली, त्यांना माफ केलं. डब्यातल्या पावडरचा शेक गळ्यात मारायला तीनदा घरी येऊन गेलेल्या मैत्रिणीलाही माफ केलं. "तुला जाडच छान दिसतं" म्हणणारी जाऊबाई तर निरुपद्रवी आहे. तुमचं तसं नाही, काका. तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेतलात.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. पाच रुपयांचा फरक लागला तरी सापडेपर्यंत घरी जात नाही. माझ्या ओट्यावर ग्रॅम दाखवणारा काटा आहे. तांदूळ त्यावर चढतात, शेंगदाणे चढतात, तेलही चढतं. ग्रामदैवत धावीर महाराजांची शपथ घेऊन सांगते, रात्री फ्रीज उघडत नाही. आणि ही शपथ मला घ्यावी लागते, याचीच चीड आहे. कमरेच्या घेरावरून माणसाच्या खरेपणाची परीक्षा करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

तुमच्या हातात एक कोलीत मीच देते, कारण तुम्ही वाचून शोधणार नाही. न्यूयॉर्कमध्ये काही संशोधकांनी 'डाएट करूनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांना तपासलं होतं. १९९२ साली ते छापून आलं. निघालं असं, की ही माणसं जेवढं खातात त्याच्या जवळपास निम्मंच सांगत होती, आणि व्यायाम मात्र दीडपट सांगत होती. घ्या, मिरवा. पण तो गट दहा जणांचा होता, हेही सांगा. शिवाय खाल्लेलं कमी सांगायची खोड सडपातळ माणसांनाही असते, हे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलंय. तुम्हीच आठवून बघा, परवाच्या जेवणात किती काजू तोंडात टाकलेत? विसरणं वेगळं आणि चोरून खाणं वेगळं. मला विसरायची सोय नको होती, म्हणूनच तर तो काटा ओट्यावर आणला.

आता हिशेबाचं बोलू, ते माझं क्षेत्र आहे. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात असं धरतात. माझ्यासारख्या वजनाची बाई तासभर झपाझप चालली तर दोनशे-अडीचशे कॅलरी जळतात. म्हणजे महिनाभर एकही खाडा न करता रोज तासभर चाललं, धाटावच्या कारखान्यांकडून येणारा वास नाकात घेत, पावसाळ्यात शेवाळावर तोल सावरत, तर कागदावर एक किलो. कागदावर! कारण शरीराची वही माझ्या वहीसारखी नाही. मी खर्च टाकला की तो खर्चच राहतो. शरीर मात्र एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे गुपचूप कपात करतं. टांझानियातले हाडझा लोक शिकार आणि कंदमुळांसाठी दिवसभर पायपीट करतात. २०१२ साली त्यांची मोजणी झाली, तेव्हा अंगापिंडाचा फरक हिशेबात धरून त्यांचा दिवसाचा एकूण कॅलरींचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच भरला. चालणं वाया जात नाही. साखर, रक्तदाब, झोप, डोकं सगळ्याला त्याचा उपयोग होतो. मी चालते ती आता त्यासाठीच. पण तुम्ही माझ्या चालण्याचा 'रिझल्ट' माझ्या कुर्त्याच्या शिवणीवर शोधता.

आणि कमी खाल्लं तर? अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची एक स्पर्धा असायची, 'द बिगेस्ट लूजर' नावाची. तिच्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं. तरीही स्वस्थ बसल्या बसल्या त्यांचं शरीर जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी कमीच जाळत होतं. सहा वर्षांनी, काका! म्हणजे त्यांनी इतरांइतकंच जेवायचं ठरवलं तरी वजन वाढणार. त्यांच्याही गावात कुणीतरी असेलच, फ्रीजबद्दल विचारणारं.

राग कशाचा येतो ते स्पष्टच लिहिते. गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी गुडघ्याला हातही लावला नाही. "आधी वजन कमी करा." माझ्या एका मैत्रिणीचे केस गळत होते, थंडी वाजायची, दिवसा झोप यायची. तिला सगळ्यांनी "खाणं आवर" एवढंच सांगितलं. थायरॉईडची साधी रक्ततपासणी करायला दीड वर्ष गेलं. दीड वर्ष ती बाई स्वतःला आळशी समजत होती! तुमच्या गमतीतून ही वेळ येते. जाड माणसाचं काही ऐकायचंच नाही, तो खोटारडाच, असं एकदा ठरलं की डॉक्टरही ऐकेनासे होतात. हे तुम्हाला विनोदी वाटतं का? मला वाटत नाही.

आणि तुमच्या डावीकडून चालणारे ते तुमचे काडीपैलवान स्नेही, जे सर्वांत मोठ्याने हसले, त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचायला द्या. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची बरीच माणसं दिसायला सडसडीत असतात, पण चरबी आत दडवून ठेवतात. तेव्हा रक्तातली साखर तपासा म्हणावं त्यांना, फुकटचं हसण्याआधी.

आता तो डबा.

माझं माहेर पेणचं. पेण म्हटलं की जगाला गणपती आठवतात, मला उडदाच्या पिठाचा वास आठवतो. आमच्याकडे पापडाचं घरगुती काम. मिरी, हिंग, पापडखार घालून घट्ट मळलेलं पीठ आई तेलाच्या हाताने कुटायची, मग लांब वळकटी ओढून दोऱ्याने लाट्या कापायची. दोऱ्याचं एक टोक दातात, एक बोटात. कापता कापता एखादी लाटी कच्च्या तेलात बुडवून समोर बसलेल्या पोराच्या तोंडात जायची. आधी तिखट, मग तेलाचा गुळगुळीत थंडपणा, मग दाताला चिकटणारं उडीद. आईचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे आहे. लाटणं जमत नाही, तरी दिवाळीनंतर ती माझ्यासाठी लाट्या करून पाठवते. यंदा मी फोनवर म्हटलं, "आई, नको गं, डाएट आहे." ती म्हणाली, "अगं, एकाने काय होतंय." मी हिशेब सांगायला लागले. ती काही बोलली नाही. डबा मात्र आला, येणाऱ्या माणसाच्या हाती, वर फडकं बांधून. झाकण उघडलेलं नाही अजून. रात्री फ्रीज उघडून मी काय चोरते असं विचारलंत ना? हे चोरत नाही.

लिहिता लिहिता तुमच्याबद्दल एक गोष्ट लक्षात आली. तिची सुरुवात एका जुन्या प्रयोगापासून.

१९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात अँसल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुणांना, त्यांच्या स्वखुशीने, अर्धपोटी ठेवलं. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसं जेवू घालावं हे कीज यांना शोधायचं होतं. सहा महिने दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं. (मला त्या ऑनलाइन आहारतज्ज्ञ बाईंनी १,२०० लिहून दिल्या होत्या. असो.) वजन उतरलं, जवळपास एक चतुर्थांशाने. पण अंग गार पडायचं, नाडी मंदावली, माणसं चिडचिडी झाली. त्यांना खाण्याशिवाय काही सुचेना. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. एकेक जेवण तासन्‌तास पुरवून खाऊ लागली.

हे वाचलं आणि तुमची पहाटेची बडबड कानात आली. तुम्ही चालताना दुसरं काही बोलतच नाही, काका! काकू वालाचं बिरडं करतात तेव्हा वाल कुठून आणतात, मोड किती काढतात, नारळ कधी घालतात. नागोठण्याच्या लग्नातली पंगत, ज्या लग्नात तुम्ही जेवला नव्हतात. रोह्याचे पोहे पूर्वी कसे असत. परवा तर वालाच्या शेंगांच्या पोपटीचं वर्णन करताना भांबुर्डीचा पाला मडक्यात तळाशी किती आणि तोंडाशी किती, यावर तुम्ही कुंडलिकेवरच्या पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोललात. ऐकणाऱ्यांना वाटलं, काका रसिक आहेत. काका, तुम्ही उपाशी आहात. गेली तीन वर्षं रोज. एका बारशाला पंचावन्न मिनिटांची वेळ टळली म्हणून हातात रिकामी ताटली घेऊन, नातीकडे बघत कोपऱ्यात उभे होतात, ते मी पाहिलंय. तुमच्या हृदयात स्टेंट आहे, हे काकूंनी मला सांगितलंय. भीती वाटते ना? मग तसं सांगा. माझ्या फ्रीजवर पहारा देऊन तुमची भूक भागणार नाही, आणि माझा काटाही हलणार नाही.

म्हणून एक ठराव मांडते. पहाटे चालताना माझ्या वजनाचा विषय बंद. फरक पडला की नाही, हे मला माझ्या काट्याकडून कळतं. तुम्हाला खाण्याबद्दल बोलायचं असेल तर खुशाल बोला, मी ऐकेन, मला आवडतं. आणि जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की पेणला माझ्या भावाच्या शेतावर पोपटी लावणार आहोत. शेंगा, अंडी, बटाटे, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना हरकत नसावी. मडकं उपडं केलं की तुमची पंचावन्न मिनिटं सुरू करा. काकूंना घेऊन या. त्या काडीपैलवानांना आणलंत तरी चालेल, फक्त त्यांनी साखर तपासून यावं.

लाट्यांचा डबा आज संध्याकाळी उघडते आहे. एक तुमच्यासाठी ठेवू का, ते उद्या पुलावर सांगा.

आपली,
रोज दिसणारी, फरक न पडलेली
मॅडम