सोफ्यावरचे कोच

रविवारी दुपारी बाराला शिकागो बेअर्सची अमेरिकन फुटबॉलची मॅच सुरू होते आणि नेपरव्हिलच्या आमच्या काकांमधला न्यायाधीश जागा होतो. एका हातात चिवड्याची वाटी, दुसऱ्या हातात रिमोट. अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात असे काका निदान चार तरी सापडतात. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब त्यांना लागत नाही, पण पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचा पाय कुठे चुकला हे लगेच दिसतं.

काका शिकागोला उतरले १९९६ साली. तरी बेअर्सच्या १९८५च्या टीमबद्दल असं बोलतात, की जानेवारी १९८६ मध्ये तिने पॅट्रियट्सना ४६-१० धुतलं तेव्हा मैदानात पाण्याच्या बाटल्या यांनीच नेल्या असाव्यात. वास्तविक त्या महिन्यात ते सांगलीला एम-थ्रीची एटीकेटी सोडवत होते.

शिकागोला आल्यापासून या हॉलमधून काकांनी बरेच क्वार्टरबॅक घरी पाठवले. ग्रॉसमन, कटलर, ट्रुबिस्की, फील्ड्स. आणि २०२४च्या एप्रिलमध्ये आला केलेब विल्यम्स. वय बावीस, ड्राफ्टमध्ये देशात पहिला. काकांनी १८ नंबरची जर्सी घेतली, आत स्वेटर मावेल अशी ऐसपैस. “हा पोरगा घराण्याचं नाव काढणार,” म्हणाले. घराण्याचं नाव म्हणजे काय, तर १९२० पासून चाललेल्या या क्लबच्या एकाही क्वार्टरबॅकला तोवर एका मोसमात चार हजार यार्डांचे पास जमले नव्हते.

काकांचं न्यायशास्त्र सोपं आहे. पास झेलला गेला तर रिसीव्हर गुणी; सुटला तर पोराने नीट टाकला नाही. पोराला पास टाकायच्या आत कुणी आडवं केलं, म्हणजे सॅक झाला, तर “बॉल धरून बसतोच कशाला?” आणि त्याने घाईने टाकला तर “जरा थांबायला काय झालं होतं?”

ऑक्टोबरअखेर वॉशिंग्टनला बेअर्स शेवटच्या मिनिटात १५-१२ असे पुढे गेले. काकांनी लगेच सांगलीला धाकट्या भावाला फोन लावला, तिकडे पहाट होती. “पोरानं जिंकून दिली रे!” वाक्य पुरं होईपर्यंत वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सने शेवटच्या क्षणी आभाळात बॉल भिरकावला, तो बेअर्सच्याच खेळाडूंच्या हाताला लागून उडाला आणि मागे उभ्या नोआ ब्राऊनच्या ओंजळीत पडला. १८-१५. केलेब त्या वेळी बाकावर बसून होता. तरी खटला त्याच्यावरच भरला गेला. “आधीच दोन टचडाउन केले असते तर ही वेळ आली असती का?” आता हे खोटंही म्हणता येत नाही, म्हणून काकांशी वाद घालणं अवघड जातं.

ही मॅच धरून बेअर्स ओळीने दहा मॅचेस हरले. नोव्हेंबरात पॅट्रियट्सनी पोराला नऊ वेळा लोळवलं आणि दोन दिवसांत ऑफेन्सच्या कोऑर्डिनेटरची नोकरी गेली. मी काकांना आठवण करून दिली, की २०२१ मध्ये क्लीव्हलंडला फील्ड्सची सुरुवातीपासून खेळायची पहिलीच मॅच होती आणि तोही नऊ वेळाच पडला होता. दोन वेगळी पोरं, पडणं तितकंच. काका गंभीर झाले. म्हणाले, “म्हणजे दोघंही कच्चे.”

मग सचिन निघाला. तो निघतोच. “सोळाव्या वर्षी सियालकोटला वकारचा बॉल नाकावर घेतला, तरी उभा राहिला!” मी म्हटलं, काका, क्वार्टरबॅकपुढे असतात तशी वकारला वाटेत अडवायला आपली पाच माणसं उभी नव्हती, त्यामुळे ती बाजूला सरकण्याचाही प्रश्न नव्हता. काकांनी चिवड्यातला शेंगदाणा शोधायला घेतला.

गंमत म्हणजे ऑफिसात काका प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. त्यांचं गो-लाइव्ह तीन महिने लांबलं, तेव्हा दोष डेटाबेसवाल्यांचा कसा, टेस्टिंगवाल्यांचा कसा, यावर त्यांनी चाळीस स्लाइड केल्या होत्या. एकेचाळिसावी नव्हती.

थँक्सगिव्हिंगला भोपळ्याच्या पायशेजारी काकूंचं श्रीखंड होतं. डेट्रॉइटशी २३-२० असे मागे असताना पोराला पुन्हा सॅक केलं, घड्याळात बत्तीस सेकंद उरले, हाताशी एक टाइमआउट होता आणि तो कुणी घेतलाच नाही. काका सोफ्यावरून उभे राहून दोन्ही हातांनी टाइमआउट मागत होते. मोसमभर त्यांनी दिलेला हा एकमेव बरोबर निर्णय. दुसऱ्या दिवशी मुख्य कोचही गेला.

थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळी काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांना या खेळातलं काही कळत नाही, असं काकांनी सत्तावीस वर्षांपूर्वीच जाहीर केलंय.

“अहो, त्या मुलापुढे ते पाच आडदांड उभे असतात, ते कशाला?”

“त्याला वाचवायला.”

“मग वाचवत का नाहीत?”

काका म्हणाले, “अगं, चहा टाक.”

मोसम संपला तेव्हा केलेबच्या नावावर ३,५४१ यार्ड, वीस टचडाउन आणि फक्त सहा इंटरसेप्शन होते. सॅक अडुसष्ट, म्हणजे सतरा मॅचेसमध्ये दर मॅचला बरोबर चार. पुढच्या मार्चमध्ये क्लबने त्या पाच आडदांडांपैकी मधल्या तिघांच्या जागी तीन नवे आणले. काकूंना कुणी विचारलंही नाही.