रेंजचं टेंडर

आमच्या कमलनगरकडे फोन आला की माणूस जिना चढतो. खालच्या पायरीवर तो कर्नाटकात असतो, गच्चीवर महाराष्ट्रात. टेलिकॉमच्या नकाशात ही दोन वेगळी सर्कल. उदगीरकडचा टॉवर जरा जोरात आला की मोबाइल सीमाप्रश्न सोडवतो आणि वर स्वागताचा मेसेजही पाठवतो. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाला एवढं जमलं नव्हतं.

या रेंजपायी घरातली चारही सिमकार्डं बदलायचं ठरलं. पण आमचे बापू पडले निवृत्त हेडक्लार्क. सारी हयात गुलबर्ग्यात टेंडरं काढण्यात गेली. २०१४ मध्ये गावाचं कलबुर्गी झालं, बापूंची शिस्त बदलली नाही. सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा कर्नाटकाचा १९९९ चा कायदा त्यांना हरिपाठासारखा पाठ. म्हणाले, “दुकानात जाऊन सिम घेता? उद्या ऑडिट निघालं म्हणजे?”

मग रीतसर निविदा निघाली. एक लिफाफा तांत्रिक, एक दराचा. अटी : अनामत रक्कम, तीन वर्षांचे ताळेबंद, अशाच कामाचा अनुभव, काळ्या यादीत नसल्याचं शपथपत्र. मी भीत भीत विचारलं, “बापू, रेंजचं कलम कुठाय?”

“रेंज कागदावर दाखवता येते का? दर दाखवता येतो. सगळ्यात कमी दर तो एल-वन, आणि एल-वनला काम.”

“अन् फोन नाही लागला तर?”

“तर लागला नाही. पण लागला नाही तो नियमानं!”

बापूंचंही खोटं नाही. स्पर्धा नसली की काय होतं ते देशानं पाहिलंय. ‘पहिला येईल त्याला पहिला’ म्हणत स्पेक्ट्रम वाटलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले. तेव्हापासून हवेचासुद्धा लिलाव होतो. मात्र नियम केला की पळवाटही सोबत येते. आमच्या राज्याच्या कायद्यात कलम चारचा ‘जी’ आहे. त्याखाली सरकारनं अधिसूचना काढली की त्या खरेदीला टेंडर माफ. कार्यालयातले लोक या ‘जी’चं नाव देवासारखं घेतात. केंद्रानं तर ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या खात्यांना इंटरनेट, लँडलाइन आणि लीज्ड लाइन बीएसएनएल-एमटीएनएलकडूनच घ्यायला सांगितलं. म्हणजे स्पर्धा कुठं ठेवायची आणि कुठं नाही, याची निविदा काही निघत नाही.

“मग आपणही फोर-जी लावू,” धाकटा म्हणाला. त्याला नेटवर्क म्हणायचं होतं. बापूंना कलम ऐकू आलं आणि ते खवळले, “आपल्या घरात सवलत नाही!”

दर ईमेलनं मागवले होते. उघडायची वेळ सकाळी अकरा. घरचे सगळे साक्षीदार म्हणून कॉम्प्युटरभोवती बसले. बापूंनी पासवर्ड टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, मोबाइलवर आलेला ओटीपी द्या. मोबाइल कसला बोलतोय! बापू गुडघे धरत गच्चीवर गेले. तिथं आधी महाराष्ट्रानं स्वागत केलं, मग ओटीपी आला. आकडे पुटपुटत खाली पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती. असं तीनदा झालं. चौथ्यांदा खातंच बंद पडलं.

बापूंनी घाम पुसला, फाइल ओढली आणि शेरा मारला : ‘निविदाकारांकडून प्रतिसाद नाही. फेरनिविदा काढावी.’