डावा पाय आणि लाल तेल

ऑटोमॅटिक गाडी घेतली की माणसाचा डावा पाय त्याच दिवशी सेवानिवृत्त होतो. सवय मात्र निवृत्त होत नाही. सिग्नल आला की पाय नसलेला क्लच शोधू लागतो, लागेल ते दाबतो, आणि ते नेमकं ब्रेकचं पेडल निघतं. मागे बसलेली मंडळी पुढच्या सीटला डोकं टेकवून येतात. हे नव्याचे नऊ दिवस सरले की पाय मुकाट कोपऱ्यात पडून राहतो आणि मालक चारचौघांत सांगू लागतो, "गिअरचं टेन्शनच नाही हो. सगळं आपोआप!"

आपोआप कसलं? पायाने सोडलेली नोकरी दुसऱ्या कोणीतरी धरलेली असते, आणि तो दुसरा म्हणजे गाडीच्या पोटातलं काही लिटर तेल. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांची गाठ क्लचप्लेट घालून देते. ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, दोन पातीदार चक्रं समोरासमोर असतात. इंजिनाकडचं चक्र तेल भिरकावतं, त्या झोताने समोरचं फिरतं. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून सिग्नलला उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. त्याने 1905 मध्ये पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. पुढे कर्वे रोडच्या गर्दीत तिचा उपयोग होईल हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

तेलाची नोकरी एवढ्यावर संपत नाही. तेच तेल पंपाच्या दाबाने बारीक बारीक वाटांतून धावतं आणि कोणता गिअर पडायचा त्याप्रमाणे आतल्या क्लचप्लेटा आवळतं. तेच दात्यांना आणि बेअरिंगांना वंगण पुरवतं, आणि आतली उष्णता गोळा करून कूलरपर्यंत वाहून नेतं. अपेक्षाही कशी, तर दाते घासू नयेत इतकं ते निसरडं हवं, आणि क्लचप्लेटा घसरू नयेत इतकं धरून ठेवणारंही हवं. एकाच वेळी दोन्ही! अशा अटी आमच्या आत्याबाईंनी मुलासाठी स्थळं पाहताना घातल्या होत्या. मुलगा अजून अविवाहित आहे.

रसायनतज्ज्ञांना मात्र ते जमलं, पण त्यासाठी देवमाशाचे पाय धरावे लागले. झालं असं. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबील गाड्यांमध्ये 'हायड्रा-मॅटिक' नावाचा गिअरबॉक्स बसवला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या एम-5 स्टुअर्ट रणगाड्यातही बसला. म्हणजे ऑटोमॅटिक गाडी आळशांची, असं म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं. या गिअरबॉक्सांच्या तेलात पुढे कित्येक वर्षं स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत. घसरणं आणि धरणं यांचा समतोल त्याच्याइतका कोणाला साधत नव्हता. मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, देवमासे संपत चालले म्हणून, अमेरिकेने त्या तेलावर बंदी आणली. पर्याय शोधण्याच्या धावपळीत ज्या वनस्पतींकडे लोकांची नजर गेली, त्यांत होहोबा नावाचं एक वाळवंटी झुडूप होतं. त्याच्या बियांतलं तेल रचनेने देवमाशाच्या तेलाच्या जवळचं. हेच झुडूप शाम्पूच्या जाहिरातीत 'जोजोबा' म्हणून भेटतं. हे वाचल्यापासून मी आमच्या न्हाणीघरातल्या बाटलीकडे जरा आदराने पाहतो. सौ.चं म्हणणं, "पाहा, पण गाडीत ओतू नका."

तिची भीती अगदीच अनाठायी नाही, कारण गिअरबॉक्सच्या तेलाच्या खरेदीत भल्याभल्यांची मती गुंग होते. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ऑटोमॅटिकचं तेल मागा. पहिला प्रश्न येतो, "लाल देऊ?" जसं काही कुंकूच मागितलं! लाल रंग हा तेलाचा गुण नव्हे. गाडीखाली ठिपका पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे कळावं म्हणून घातलेला तो नुसता रंग. कित्येक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही लालच तेल असतं, आणि काही गिअरबॉक्सांचं तेल हिरवं किंवा पिवळसरही असतं. रंगावरून तेल घेणं म्हणजे फसगतीला आमंत्रण. पाहायचं ते नाव. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन, फोर्डचं मर्कॉन, आणि टोयोटाचं डब्ल्यूएस, म्हणजे वर्ल्ड स्टँडर्ड. नावात अख्खं जग आहे, पण म्हणून ते जगातल्या प्रत्येक गाडीत ओतायचं नसतं. सीव्हीटीवाल्यांचं तेल वेगळं, ड्युअल क्लचवाल्यांचं त्याहून वेगळं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये घट्ट धरून ठेवायचा असतो. तिथे भलतंच तेल गेलं की पट्टा घसरतो आणि खिसा फाटतो.

आता पातळी तपासणं. इंजिनाचं तेल पाहायला गाडी बंद करायची, थोडं थांबायचं, पट्टी ओढायची. गिअरबॉक्सचं तेल पाहायला, पट्टी असलेल्या बऱ्याच गाड्यांत, याच्या नेमकं उलट. आधी गाडी फिरवून तापवायची. सपाट जागी उभी करायची. आमच्या सोसायटीत सपाट जागा एकच, चेअरमन साहेबांची. मग हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून, चालू इंजिनावर पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह अशी प्रत्येक घरात क्षणभर थांबत प्रदक्षिणा करायची, म्हणजे सगळ्या वाटा तेलाने भरतात. पुन्हा पार्कमध्ये येऊन, इंजिन चालू ठेवूनच, पट्टी ओढायची. ती पुसायची ज्याचे धागे सुटणार नाहीत अशा फडक्याने. जुन्या बनियनचा एक धागा आतल्या बारीक वाटेत अडकला तर गिअरबॉक्सचं गणित बिघडू शकतं. पुसून परत आत, पुन्हा बाहेर, आणि मग डोळ्यांजवळ धरून वाचायची.

हा विधी चालू असताना वॉचमन येतोच.

"काय साहेब, बंद पडली?"

"नाही, चालू आहे."

"मग बॉनेट का उघडलं?"

"तेल बघतोय."

"मग बंद करा की."

"बंद करून दिसत नाही."

यावर तो काही बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला कळलेलं असतं की बी विंगमधल्या साहेबांची गाडी बंद होत नाही. त्यात अनेक होंडा गाड्यांचा नियम असा की गाडी तापवा, पण पट्टी इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात ओढा. त्यामुळे समोरच्या विंगमधल्या होंडावाल्यांचं आणि माझं कधी पटलं नाही. दोघंही आपापल्या परीने बरोबर असणं ही भांडणाची सगळ्यात टिकाऊ जात आहे.

पट्टीवर दोन ठिकाणी खुणा असतात, थंड तेलाची आणि गरम तेलाची, कारण हे तेल तापलं की फुगतं. थंड असताना 'हॉट'च्या खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर ते जास्त होतं. जास्त झालं की फिरत्या भागांत घुसळून त्याला फेस येतो, आणि फेसाने दाब धरला जात नाही. कमी झालं तर पंप हवा ओढतो. गाडी ड्राइव्हमध्ये टाकल्यावर विचार करून निघते, चढावर इंजिन ओरडतं आणि चाकं ऐकत नाहीत. थोडक्यात, कमी आणि जास्त यांची लक्षणं बरीचशी सारखीच. म्हणून 'थोडं जास्त असू दे' हा आपला फोडणीतला उदारपणा इथे कामाचा नाही.

नव्या गाड्यांनी तर पट्टीच काढून टाकली. तिथे गाडी लिफ्टवर आडवी समपातळीत उचलायची, स्कॅनर लावून तेलाचं तापमान वाचायचं, आणि ते कंपनीने दिलेल्या टप्प्यात, बऱ्याच गाड्यांत 40 अंश सेल्सिअसच्या आसपास, आलं की चालू इंजिनावर खालचा नट उघडायचा. जास्तीचं तेल गळून जातं, धार बारीक झाली की नट बंद. जर्मनीत ठीक आहे, तिथे तेल तापायची वाट पाहतात. नागपुरात मे महिन्यात ते थंड व्हायची वाट पाहावी लागेल.

आमच्या गिअरबॉक्सवाल्या चाचांना स्कॅनर चालतो, पण भरवसा नाकावर. तेलाचा थेंब ते पांढऱ्या कागदावर सोडतात, मग बोटावर घेऊन माझ्या नाकाखाली धरतात. "वास घ्या साहेब. लाल आणि स्वच्छ, तर मजेत आहे. काळपट झालं आणि जळका वास आला, तर आतल्या प्लेटा जळायला लागल्यात." चेंबर खोलला की तळाशी छोटी लोहचुंबकं असतात. त्यांच्यावर काजळासारखा बारीक करडा लेप दिसला तर घाबरू नये, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चकाकते तुकडे निघाले तर मात्र खुर्ची मागवावी आणि बसून घ्यावं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पट्टीला सोलकढी लागली तर. बऱ्याच गाड्यांत या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला की कूलंट तेलात शिरतं आणि लाल तेल दुधट गुलाबी होतं. जेवताना तो रंग किती मोहक वाटतो! गाडीत दिसला की चाचाही बोलायचं थांबतात.

इतका जीव असलेलं तेल बदलायचं कधी? मी एका सर्व्हिस सेंटरमध्ये हा प्रश्न विचारला. टाय लावलेला मुलगा प्रसन्न हसून म्हणाला, "सर, बदलायचंच नाही. लाइफटाइम फिल आहे."

"कोणाच्या लाइफटाइमचं? माझ्या, गाडीच्या, की वॉरंटीच्या?"

"सर, सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय."

सिस्टिममध्ये जे दाखवतं त्यापुढे आपल्याकडे ब्रह्मदेवाचंही चालत नाही. पण कित्येक गाड्यांच्या पुस्तकात मागे एक छोटा तक्ता असतो, 'कठीण परिस्थितीतील वापर'. सतत थांबत-थांबत चालणं, धूळ, कडक उन्हाळा, घाट, ओझं. वाचताना वाटतं, लिहिणारा हडपसरहून हिंजवडीला रोज जात असावा. तेलाचा खरा शत्रू उष्णता, आणि खंबाटकीच्या चढावर कंटेनरच्या मागे गोगलगाईच्या गतीने जाताना टॉर्क कन्व्हर्टर तेल नुसतं घुसळत आणि तापवत बसतो.

बदलायला घेतलं तरी नट उघडून सगळं तेल बाहेर येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत दडून बसतं. समजा निम्मं निघालं. पहिल्या बदलात निम्मं नवं, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात सात अष्टमांश. पूर्ण नवं या गणितात कधीच होत नाही, पण गिअरबॉक्सला त्याची हरकत नसते. हरकत असते शेजाऱ्यांना. "जुन्या गाडीचं तेल बदलू नका हो, आमच्या मेहुण्याचा गिअरबॉक्स तेल बदललं आणि आठवड्यात गेला!" मेहुण्यांची कथा खोदून काढली की कळतं, गाडी आधीच झटके देत होती, स्लिप मारत होती, म्हणून तर तेल बदलायला नेली. गिअरबॉक्स जायलाच निघाला होता. तेलाने फक्त त्याला दारात गाठलं.

याच शेजाऱ्यांनी परवा उरलेलं लाल तेल मागितलं. "आमचीही ऑटोमॅटिकच ना!" त्यांची गाडी एएमटी. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि हा स्वस्त प्रकार आपल्याकडे घरोघर पोचला. त्यात गिअरबॉक्स साधाच, क्लचप्लेट साधीच. फक्त आपला पाय आणि हात यांच्या जागी यंत्र बसवलेलं. त्यात माझं लाल तेल ओतणं म्हणजे शुद्ध अघोरीपणा. मी नाही म्हणालो. संबंध सध्या ताणलेले आहेत, पण गिअरबॉक्स शाबूत आहे.

तात्पर्य रुक्ष आहे, पण उपयोगाचं आहे. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते, मोठमोठ्या गाड्यांना पुरवते. तिचा सल्ला असा की वापराप्रमाणे 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा 8 वर्षांनी तेल बदला. आपल्या गाडीचं तेल कोणतं, किती आणि कधी, हे तिच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक बहुतेक घरांत ग्लव्हबॉक्समध्ये, आलं त्या प्लास्टिकच्या पिशवीत, अजून सीलबंद आहे. तेव्हा आधी ते सील फोडा. गिअरबॉक्सचं नंतर बघू.